दहा दिवसांचं विपश्यना शिबिर: माझा अनुभव

बढती झाली, कौतुक झालं, तरी आत काहीतरी अपुरंच वाटत होतं, म्हणून हे शिबिर केलं. फोन, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा करायचं, आर्य मौन पाळायचं, म्हणजे बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत, पहाटे चारला घंटा. पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे नाकपुड्यांपाशी येणारा-जाणारा श्वास पाहणं. चौथ्या दिवशी विपश्यना शिकवतात, म्हणजे अंगभर उठणाऱ्या संवेदना प्रतिक्रिया न देता पाहणं, आणि मग रोज तीनदा तासभर न हलता बसायचं. गुडघे अक्षरशः पेटतात! पण मला खरं काही मिळालं ते तिथेच. ती कळ टिकत नाही, सरकते, विरते, आणि तिच्यावर चिडणारं मन वेगळं दिसू लागतं. शाबासकीसाठीची माझी धडपडही तशीच समोर आली. मग जी स्वस्थता लाभली, तिला कुणाच्या पावतीची गरज नव्हती.

संध्याकाळी या पद्धतीचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांची ध्वनिमुद्रित प्रवचनं असतात. थोडी लांबतात, पण दिवसभराच्या शंका तिथेच सुटतात. शुल्क नाही, सगळं जुन्या साधकांच्या दानावर चालतं. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला आणि अर्जात तसं स्पष्ट लिहा. बाकीच्यांनी जरूर जावं, पूर्ण दहा दिवस थांबायची तयारी ठेवूनच.