रोटेटर कफच्या शस्त्रक्रियेनंतर शोल्डर पुली आणि रबरी पट्टे: दीर्घ वापरानंतरचा अनुभव

उजव्या खांद्याच्या रोटेटर कफमधील (खांद्याच्या सांध्याभोवतीच्या चार स्नायूंच्या गटातील) सुप्रास्पायनेटस या स्नायूची फाटलेली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने शिवून घेतल्यानंतर गेले अनेक महिने मी दोन साधने नियमित वापरत आहे: दारावर अडकवायची शोल्डर पुली आणि व्यायामाचे रबरी पट्टे. दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींनी मला मनापासून साथ दिली. मात्र कोणते साधन केव्हा हाती घ्यायचे यावर त्यांचा सारा उपयोग अवलंबून असतो आणि खरेदी करताना नेमके हेच कोणी सांगत नाही.

शिवलेली कंडरा हाडाला पुन्हा धरायला साधारण 12 आठवडे लागतात. त्यातले पहिले चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्येच (गळ्यात अडकवलेल्या झोळीत) असतो आणि तोवर बोटे, मनगट व कोपर हलवणे आणि शल्यविशारदांनी परवानगी दिली असेल तर पुढे वाकून हात सैल लोंबकळत ठेवण्याचा पेंडुलम व्यायाम, एवढेच करायचे असते. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा व्यायाम दिसायला अगदी किरकोळ आहे. खांदा आखडू नये म्हणून त्याचे महत्त्व मात्र मोठे आहे. या काळात रबरी पट्ट्याला हातही लावू नये.

पुलीची पाळी माझ्या बाबतीत स्लिंग सुटल्यावर आली. खुर्ची दाराला पाठ करून ठेवायची, दोन्ही मुठी धरायच्या आणि चांगल्या हाताने दोरी खाली ओढून शस्त्रक्रियेचा हात वर जाऊ द्यायचा. सगळे काम चांगल्या हाताने करायचे असल्यामुळे शिवलेल्या कंडरेवर फारसा ताण न येता खांद्याची हालचाल परत मिळू लागते. पुलीचा पट्टा दार आणि चौकट यांच्या फटीत अडकतो, म्हणून दार आपल्यापासून दूर उघडणारे निवडावे. मग ओढ बसली की ते चौकटीत अधिकच घट्ट होते. कडी तरीही लावावी. समोर आरसा ठेवणे मला फार उपयोगी पडले, कारण हात वर जाताना खांदा नकळत कानाकडे उचलला जातो आणि हालचाल वाढल्याचा खोटा भास होतो. मी घेतलेल्या पुलीच्या मुठीवरचा फोम लवकर सुटला आणि तिथे सुती कापड गुंडाळावे लागले. दोरी आणि कप्पी मात्र आजही सुरळीत चालतात.

पट्ट्यांविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण गमावलेली ताकद त्यांच्यामुळे परत येते आणि घाई केली तर नुकसानही त्यांच्यामुळेच होऊ शकते. थेराबँड या ब्रँडच्या पट्ट्यांमध्ये पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा असा चढता क्रम असतो. पट्टा ताणून दुप्पट लांब केला की पिवळ्याची ओढ सुमारे 1.3 किलो, हिरव्याची 2.1 किलो आणि काळ्याची 3.3 किलो भरते. हे आकडे वाचून पिवळा पट्टा पोरखेळ वाटेल. पण कोपर कमरेला टेकवून, काखेत घडी घातलेला नॅपकिन धरून आणि पट्ट्याचे दुसरे टोक खिडकीच्या गजाला बांधून हात सावकाश बाहेर फिरवला, की खांद्याच्या मागच्या बाजूचे ते छोटे स्नायू स्पष्ट थरथरताना जाणवतात. नॅपकिन खाली पडला तर कोपर अंगापासून सुटले असे समजावे आणि पट्टा सैल करून पुन्हा सुरुवात करावी. परत येताना पट्ट्याला हात खेचू देऊ नये. जाताना लागला त्याहून अधिक वेळ परतताना घ्यावा. व्यायामाच्या वेळी स्नायू भरून आल्यासारखे वाटणे चालते, परंतु त्या रात्री खांदा ठणकला तर दुसऱ्या दिवशी ताण कमी करावा, हा माझ्या फिजिओथेरपिस्टांचा नियम मला आजवर पुरला आहे.

रंगांचा क्रम सर्व कंपन्यांचा सारखा नसतो, हे पट्टे घेताना जरूर लक्षात ठेवावे. ऑनलाइन मागवलेल्या एका बिननावाच्या संचात लाल पट्टा हिरव्यापेक्षा कडक निघाला. सुरुवातीच्या महिन्यांत असा फरक धोक्याचा ठरू शकतो, म्हणून संच घेण्यापेक्षा फिजिओथेरपिस्टकडून रोलचा दीड मीटर तुकडा कापून घेणे मला अधिक सुरक्षित वाटते.

पट्ट्याची एक मर्यादा त्याच्या स्वभावातच आहे. तो जितका ताणाल तितका जड होतो, त्यामुळे हालचालीच्या शेवटी, जिथे दुखावलेला खांदा बहुधा सर्वांत दुबळा असतो, तिथेच सर्वाधिक जोर लावावा लागतो. म्हणून पुढच्या टप्प्यात मला कुशीवर झोपून हलक्या डंबेलने तोच व्यायाम करायला सांगण्यात आले. त्यात हात जमिनीला समांतर असताना भार सर्वाधिक असतो आणि हात वर जाईल तसा तो कमी होतो. दोन्ही आलटून पालटून केल्यावर माझी प्रगती स्पष्ट दिसू लागली. मी शाळेत शिकवते; फळ्याच्या वरच्या कडेशी तारीख लिहिताना आता डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार द्यावा लागत नाही, याचा आनंद मला मोजमापाच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

लॅटेक्सचे पट्टे ऊन आणि घाम यांनी खराब होतात. गाठीपाशी आधी पांढरट रेषा दिसते, मग बारीक चीर पडते. अशी चीर दिसताच पट्टा टाकून द्यावा, कारण ताणलेला तुकडा तुटून डोळ्यावर बसू शकतो. पुसून, टाल्कम पावडर लावून सावलीत ठेवल्यास ते बराच काळ टिकतात. लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी वेगळे पट्टे मिळतात.

पुली शस्त्रक्रियेच्या आधीच आणून घरच्यांकडून दारावर बसवून घ्यावी, कारण नंतर एका हाताने ते जमत नाही. पट्ट्यांची घाई नको. फाटलेला भाग मोठा असेल तर शल्यविशारद ताकदीचे व्यायाम तीन महिन्यांच्याही पुढे ढकलतात.