जिप्सीच्या गिअरबॉक्सला जीएल-४ तेल : नऊ महिन्यांनंतर

डिसेंबरातली पहाट, गेटवर गाड्यांची रांग, मागे सहा पर्यटक कानटोप्या घालून बसलेले. रांग सरकली, पहिल्यातून दुसरा टाकायला गेलो आणि गाडीनं असा काही दात खाल्ला की मागच्या आजी म्हणाल्या, "बापरे, वाघ का?" दोन हिवाळे हेच चाललं होतं. वाघ दिसायच्या आधी माझ्या गिअरबॉक्सची करकर ऐकू यायची.

गाडी २०१२ची एमजी४१३डब्ल्यू जिप्सी. सेकंडहँड घेतलेली, मीटरवर १ लाख ८० हजारांच्या वर. काम सफारीचं, ताडोब्याच्या बफरमध्ये म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलात, मोहर्लीच्या बाजूनं. दिवसाला फार किलोमीटर होत नाहीत, पण जे होतात ते पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत, दर पाच मिनिटांनी थांबत. हायवेवरच्या गाडीचा दुसरा गिअर दिवसात जितका वापरला जात नसेल तितका आमचा एका फेरीत वापरला जातो. म्हणून हा अनुभव शहरातल्या गाडीवाल्याला जसाच्या तसा लागू होईलच असं नाही.

गिअरबॉक्सचं तेल आधी कुणी काळजीपूर्वक निवडलंच नव्हतं. मागच्या मालकानं आणि नंतर मीही "नव्वद नंबर" मागायचो आणि दुकानदार देईल ते घालायचो. ते निघालं ईपी (म्हणजे जास्त दाब सोसणारं) ९०, जीएल-५. डब्यावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

आता गिअर ऑइलचे हे दोन दर्जे, जीएल-४ आणि जीएल-५, काय ते थोडक्यात सांगतो, कारण सगळी गंमत इथंच आहे. आकडा मोठा म्हणून तेल भारी, असं गणित इथं नाही. जीएल-५ बनलं ते मागच्या अॅक्सलमधल्या हायपॉइड गिअरसाठी. तिथं दाते एकमेकांवर दाबासकट घासत सरकतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात. गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोच्या, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या, पितळी रिंगा असतात. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घासते, आणि त्या घासण्यातूनच दोघांचा वेग सारखा होतो. म्हणजे तिथं थोडं घर्षण हवंच असतं. तेल फार निसरडं असेल तर रिंग घसरत राहते, वेग जुळत नाही आणि दाते भिडतात. ती करकर. शिवाय काही जीएल-५मधलं गंधक तेल तापल्यावर पितळाला खातं. आजकालची बरीच जीएल-५ तेलं पितळाला आधीइतकी वाईट नाहीत, हे खरं, पण घसरण्याचा प्रश्न राहतोच.

आमच्या इथल्या मिस्त्रीकाकांना हे सांगितलं तर ते हसले. "काहून इतकी मगजमारी करता भाऊ? तेल म्हंजे तेल." काकांनी माझ्या जन्माआधीपासून गाड्या खोलल्या आहेत, त्यामुळे वाद घातला नाही. जिप्सीच्या पुस्तकात मात्र स्पष्ट आहे : गिअरबॉक्सला जीएल-४, डिफरन्शिअलला (अॅक्सलमधल्या, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला) हायपॉइडचं जीएल-५. दोन वेगळी तेलं.

मी घेतलं ते ७५डब्ल्यू-९० (हे घट्टपणाचे आकडे), जीएल-४, सिंथेटिक. डब्यावर फक्त जीएल-४ लिहिलेलं बघून घेतलं. "जीएल-४/जीएल-५" असं दोन्ही लिहिलेले डबेही मिळतात, ते मुद्दाम टाळले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्या मते या कामात कंपनीपेक्षा डब्यावरच्या त्या दोन ओळी महत्त्वाच्या. किंमत आधीच्या तेलाच्या दुपटीहून जास्त पडली आणि गावात मिळालं नाही, चंद्रपूरहून मागवलं.

मंगळवारी ताडोबा बंद असतो, आमची सगळी दुरुस्ती त्याच दिवशी. आधी पाच-सहा किलोमीटर फिरवून तेल कोमट केलं, गाडी सपाट जागेवर घेतली. पहिला नियम : आधी भरायचा प्लग खोला, मग खालचा. मी हा नियम पाळला म्हणून वाचलो. कारण भरायचा प्लग मागच्या कुणीतरी छिन्नी-हातोडीनं ठोकून गोल करून ठेवला होता, वर कसलासा मसाला फासलेला. तो सुटायला दीड तास गेला. खालचा आधी खोलला असता तर तेल जमिनीवर, भरायला वाट नाही आणि बुधवारची सकाळची फेरी गेली असती.

तेल बाहेर आलं ते काळपट, आणि वास असा की शेजारच्या घरून विचारणा झाली. पांढऱ्या प्लास्टिकच्या टबमध्ये ते ओतून उन्हात ठेवलं आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं. चुंबकाला करडी, मऊ चिखलासारखी भुकटी लागली. इतक्या चाललेल्या गाडीत ती असणारच. तुकडा लागला असता तर घाबरलो असतो. पण चुंबक उचलल्यावरही टबात उन्हाला सोन्यासारखं काहीतरी चमकत राहिलं. पितळ. म्हणजे सिंक्रोच्या रिंगा. तिथंच कळलं, तेल कितीही चांगलं घातलं तरी गेलेलं पितळ परत येणार नाही.

गिअरबॉक्सला १.३ लिटर लागतं, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या अॅक्सलला ताकद देणाऱ्या पेटीला) वेगळं ०.८. एक लिटरचा एकच डबा आणून अर्ध्यावर अडकू नका. गाडीखाली झोपून डबा वाकडा करून तेल आत जात नाही. मी वरून पारदर्शक नळी सोडली, तिला नरसाळं लावलं, मुलाला वर उभं केलं. भोकातून तेल ओघळायला लागलं की भरलं. खालच्या प्लगला नवा वॉशर घातला. डिझेल घालून गिअरबॉक्स धुवायचा सल्ला दोघांनी दिला, तो ऐकला नाही, कारण थोडं डिझेल आत राहतंच आणि नवं तेल पातळ करतं. त्याऐवजी ८०० किलोमीटरनंतर त्याच प्रकारचं नवं तेल पुन्हा एकदा घातलं, जेणेकरून कोपऱ्यांत राहिलेलं जुनं तेलही निघावं. खर्चिक वाटेल, पण पितळ बघितल्यावर जीव राहवेना.

पहिल्या दिवशी काही कळलं नाही. खरं सांगायचं तर थोडा हिरमोड झाला. आठवड्याभरात तिसऱ्यातून दुसऱ्यात येणं सोपं झालं, आणि दुसऱ्यांदा तेल बदलल्यावर फरक उघड दिसला.

खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत. पहाटे पारा दहाच्या आसपास. आधी पहिली दहा-पंधरा मिनिटं दुसरा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागायचा. आता पहिले तीन-चार बदल जड जातात, मग हात मोकळा होतो. ७५डब्ल्यू म्हणजे उणे चाळीसला चालणारं तेल, इथं त्याची गरज काय, असं एकानं विचारलं. बरोबर आहे, ८०डब्ल्यू-९० जीएल-४ मिळालं असतं तरी चाललं असतं. माझा अंदाज, फरकाचा मोठा भाग जीएल-४चा, थोडा पातळपणाचा. इथं आणखी एक गैरसमज : ९० हा आकडा बघून लोकांना वाटतं तेल इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट घट्ट. मोजमापच वेगळं. गिअर ऑइलचं ९० हे घट्टपणात इंजिन ऑइलच्या ४०-५०च्या जवळपास येतं.

मे महिना वेगळा. दुपारी चंद्रपूरकडचं ऊन ४५च्या पुढे, दुपारची फेरी, धूळ, गाडी तासभर रांगतेय. अशा वेळी गिअर लोण्यासारखे पडतात, पण रिकाम्या गाडीत डांबरी रस्त्यावर चौथ्यात बारीक गुणगुण ऐकू येते. आधी घट्ट तेलात ती दबलेली असावी. बेअरिंग जुनी आहेत, तेल ते लपवत नाही इतकंच. मागच्या ऑइल सीलशी ओल पण दिसायला लागली. टपकत नाही, पण आधी नव्हती. दर दुसऱ्या मंगळवारी प्लग खोलून करंगळीनं पातळी बघतो.

एक चूक मात्र करू नका. माझं ऐकून आमच्यातल्या एकानं उत्साहात डिफरन्शिअललाही जीएल-४ घातलं. तिथं हायपॉइड गिअर आहेत, तिथं जीएल-५च हवं. त्याला लगेच काढायला लावलं. मागच्याला १.५ लिटर, पुढच्याला २ लिटर लागतं, त्याच्या खिशाला चांगलीच चाट बसली. आणि नाल्यातून गाडी घालत असाल तर डिफरन्शिअलचं तेल पावसाळ्यानंतर एकदा बघाच. तापलेलं भांडं थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते, ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं भोक) बंद असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. दुधासारखं तेल दिसलं की समजा.

पुढचं काय? सिंक्रो रिंगा बदलाव्या लागणार, हे टबातल्या पितळानंच सांगितलंय. जिप्सी बनणं बंद झाल्यापासून अस्सल रिंगा शोधणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून कोअर (जंगलाचा गाभा) बंद असतो त्या जुलै-सप्टेंबरात गिअरबॉक्स उतरवायचा विचार आहे. तोवर हेच तेल, आणि मी उरलेला अर्धा डबा जपून ठेवलाय. मिस्त्रीकाकांनी परवा गाडी चालवून बघितली. दुसरा टाकला, तिसरा टाकला, पुन्हा दुसरा टाकला, काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "डबा दाखव बरं."

रिव्हर्स अजून कटकट करतो. त्याला सिंक्रो मुळातच नाही, तेलाकडून तिथं अपेक्षा ठेवू नका. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका.