मणके ठीक, खुबा ठिसूळ: हाडांच्या औषधांचा चौदा महिन्यांचा अनुभव

माझं वय ६४, वजन ४६ किलो. पाळी ४५व्या वर्षी थांबली. सहा वर्षांपूर्वी मागच्या अंगणात ओल्या फरशीवर पाय घसरला, हात टेकला आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, विषय संपला. नुसतं उभ्याउभ्या पडून हाड मोडलं तर ती ठिसूळपणाची खूण असू शकते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. माझी आई ७२व्या वर्षी खुबा मोडून अंथरुणाला खिळली ती पुन्हा उठली नाही. हे सगळं आधी लिहिते आहे, कारण औषध ठरवताना या गोष्टींना रिपोर्टातल्या आकड्यांइतकंच वजन होतं.

ऑगस्ट २०२४ मध्ये डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली. शिबिरात टाचेला मशीन लावून करतात ती नव्हे, तर टेबलावर झोपवून कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची करतात ती. टी-स्कोअर म्हणजे तरुण, निरोगी स्त्रीच्या हाडाशी आपल्या हाडाची तुलना. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९४ च्या व्याख्येप्रमाणे उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाड विरळ, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. माझे मणके उणे १.४, पूर्ण खुबा उणे २.१ आणि खुब्याची मान, म्हणजे मांडीचं हाड जिथे खुब्यात वळतं ती जागा, उणे २.७.

आता यातलं खरं काय मानायचं?

फॅमिली डॉक्टर म्हणाले, मणके बरे आहेत, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घ्या, दोन वर्षांनी बघू. हाडांचे डॉक्टर म्हणाले, रोजचं टेरीपॅराटाइडचं इंजेक्शन लगेच सुरू करा. एकाच कागदावरून दोन टोकांचे सल्ले. मी आठ दिवस नीट झोपले नाही. प्रत्येक वेळी डोळ्यापुढे आईची खाट यायची.

लेकीने हट्टाने हार्मोन्सच्या डॉक्टरांकडे नेलं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तिथे घडली. त्यांनी सरासरी बाजूला ठेवून एकेक मणका वाचला. पहिला उणे २.४, दुसरा उणे २.२, तिसरा उणे ०.९, चौथा उणे ०.३. शेजारशेजारच्या मणक्यांत इतका फरक नसतो. एक्स-रे काढला तर खालच्या दोन मणक्यांना कडेने हाड वाढलेलं दिसलं, वयामुळे आपल्या बहुतेकांना असतं तसं. मशीनला हे वाढलेलं हाडही कॅल्शियम म्हणूनच दिसतं, त्यामुळे आकडा उगाच चांगला येतो. ते दोन मणके वगळल्यावर उरलेल्यांची सरासरी उणे २.३ निघाली. मणके ‘बरे’ नव्हतेच. शिवाय निदान करताना सगळ्यात खालचा आकडा धरतात, त्यामुळे खुब्याच्या मानेवरून मला ऑस्टिओपोरोसिस होताच. त्या एक्स-रेत एकही मणका दबलेला नव्हता, हे मात्र चांगलं निघालं.

मग त्यांनी फ्रॅक्सचं गणित केलं. शेफील्ड विद्यापीठाने तयार केलेली ही पद्धत पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता सांगते आणि त्यात भारतासाठी वेगळा पर्याय आहे. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइड्स, धूम्रपान, रुमॅटॉइड प्रकारचा संधिवात असं सगळं त्यात भरतात. हाडाची घनता मात्र फक्त खुब्याच्या मानेची घेतात, मणक्यांची नाही. माझी खुब्याची शक्यता ३ टक्क्यांच्या वर आली. अमेरिकेत ३ टक्के ही औषध सुरू करण्याची रेषा धरतात. औषध घ्यायचं हे तिथेच ठरलं. कोणतं, हा प्रश्न उरला.

इथे मिश्र रिपोर्टाचाच उपयोग झाला. माझं दुखणं खुब्याचं, म्हणून रॅलॉक्सिफीन लगेच बाद झालं. ते मणक्यांची फ्रॅक्चर्स कमी करतं, खुब्याची कमी करतं असा पुरावा नाही, आणि शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. टेरीपॅराटाइड हाड नव्याने बांधतं, पण ते सहसा जास्तीत जास्त दोन वर्षं, रोज टोचून घ्यायचं, फ्रिजमध्ये सांभाळायचं, आणि संपल्यावर दुसरं औषध घ्यायचंच, नाहीतर कमावलेलं हाड निघून जातं. मणके दबलेले असते तर मी ते एका पायावर घेतलं असतं. डॉक्टर म्हणाले, ते हत्यार राखून ठेवू.

डेनोसुमॅबचा मोह मला फार झाला होता. सहा महिन्यांतून एक इंजेक्शन, पोटाला त्रास नाही. पण माझ्या वन्संचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या तीन वर्षं ते घेत होत्या. २०२० च्या टाळेबंदीत पुढचं इंजेक्शन पाच महिने लांबलं आणि त्यांचे दोन मणके दबले, साधी बादली उचलताना. ते औषध थांबलं की दबून राहिलेली झीज उसळी घेते, म्हणून ते लांबवायचं नसतं, आणि थांबवायचं तर लगेच दुसऱ्या औषधाची जोड द्यावी लागते. वन्संना हे आधी कुणी बजावलं नव्हतं. आज त्या वाकून चालतात. ज्यांच्या घरी तारीख पाळणारं माणूस आहे त्यांच्यासाठी ते चांगलंच औषध आहे. वर्षातले चार महिने मुलाकडे परदेशी असणाऱ्या माझ्यासारखीला नाही.

सुरुवात ॲलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅमने झाली, आठवड्याला एक गोळी. त्याआधी रक्ताच्या तपासण्या झाल्या: कॅल्शियम, किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइड, पॅराथायरॉइड, ड जीवनसत्त्व. ड जीवनसत्त्व १३ आलं, २० च्याही खाली. आठ आठवडे, आठवड्याला एक अशी ६० हजार युनिटची पुडी घेतली, मगच गोळी. हे कुणी गाळू नका. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी असताना ही औषधं दिली तर रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊ शकतं. आणि पुड्याही मोजूनच घ्यायच्या, शेजारीण घेते म्हणून दरवर्षी स्वतःच्या मनाने नाही.

माझा वार रविवार. सकाळी सहाला उपाशीपोटी, पूर्ण ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही. चहा घेतला तर औषध नीट अंगी लागत नाही. मी त्या अर्ध्या तासात देवाची फुलं काढायची आणि अंगणात फेऱ्या मारायची. पहिले तीन महिने काहीच त्रास नाही. चौथ्या महिन्यात छातीत जळजळ, गिळताना टोचल्यासारखं. मी महिनाभर अंगावर काढलं, ही माझी चूक. अन्ननलिकेला इजा होऊ शकते, त्यामुळे गिळताना दुखलं की त्याच दिवशी थांबून डॉक्टरांना सांगायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गोळी बंद झाली. माझ्या दोन मैत्रिणी हीच गोळी चार वर्षं सुखाने घेत आहेत आणि ती स्वस्तही आहे, म्हणून माझ्यावरून तिला नावं ठेवू नका.

त्यानंतर झोलेड्रोनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा सलाइनमधून. त्याच कुळातलं, पण पोटाला टाळून जाणारं. २००७ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात तीन वर्षांत मणक्यांची फ्रॅक्चर्स ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी झाली होती. मला तो दुसरा आकडा हवा होता.

आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. एक दाढ हलत होती, ती काढून जखम पूर्ण भरेपर्यंत थांबले. या औषधांनी क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही, म्हणून दातांची मोठी कामं आधी उरकायची. क्रिएटिनिन पुन्हा तपासलं, कारण किडनी कमजोर असेल तर हे देत नाहीत. एप्रिलमध्ये सलाइन लागलं. २५ मिनिटं, सुई टोचली तेवढंच दुखलं. रात्री मात्र १०१ ताप, हुडहुडी, अंग असं मोडून आलं की कूस बदलवेना. पहिल्या वेळी बऱ्याच जणांना हे होतं. मला आधी सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. भरपूर पाणी, पॅरासिटामॉल, सूनबाईंच्या हातची पेज. तिसऱ्या दिवशी मी ओट्यापाशी उभी होते. त्यानंतर काहीही नाही.

हाड झिजण्याचा वेग सांगणारी सीटीएक्स ही रक्ताची तपासणी आम्ही गोळीच्या आधी केली होती, तेव्हा ६२० होती; सप्टेंबरमध्ये २१०. औषध काम करतंय हे डेक्साच्या खूप आधी कळलं. डिसेंबरमध्ये त्याच सेंटरला, त्याच मशीनवर डेक्सा केली. पुन्हा मिश्रच! वरचे दोन मणके ३ टक्क्यांनी सुधारले, खुब्याची मान जेमतेम १ टक्का. मी खट्टू झाले. डॉक्टरांनी समजावलं, एवढा फरक मशीनच्या चुकीतही येतो, तो वाढही नाही आणि घटही नाही. औषधाविना खुबा घसरला असता, तो थांबला आहे. टी-स्कोअरपेक्षा ग्रॅममधली घनता ताडून बघायला त्यांनी शिकवलं. आता मी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून स्वतः वाचते.

औषधाइतकंच मी न पडण्यावर काम केलं आहे. अंगणात खरखरीत फरशी, न्हाणीघरात धरायला दांडा, रात्रीचा दिवा, मोतीबिंदूचं ऑपरेशन. रोज नाचणीची भाकरी, वाटीभर दही, तिळाची चटणी आणि एक कॅल्शियमची गोळी. भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहते, मनात तीस मोजते. मांडीत किंवा जांघेत सतत ठणका लागला तर लगेच कळवायचं, हे फ्रिजवर लिहून चिकटवलं आहे, कारण दीर्घकाळ या औषधांवर असलेल्यांत फार क्वचित मांडीचं हाड वेगळ्याच जागी मोडतं.

दुसरं सलाइन एप्रिल २०२६ मध्ये. त्याआधी क्रिएटिनिन, ड जीवनसत्त्व आणि दात. तिसऱ्यानंतर औषधाला सुट्टी देता येईल का, हे तेव्हाच्या खुब्याच्या आकड्यावर ठरेल. वन्संनाही मी त्याच डॉक्टरांकडे नेलं आहे. त्यांचं टेरीपॅराटाइड दिवाळीपासून सुरू झालं. रोज रात्री साडेआठला मी त्यांना फोन करते आणि त्या सुई टोचून झाली म्हणेपर्यंत ठेवत नाही.