कामावरच्या अपघातानंतरची तपासणी: व्हिडिओ कॉलवर की डॉक्टरसमोर?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात प्रेस मशीनमध्ये हात सापडलेला कामगार बरेचदा लातूर, नांदेड, बीडकडचा असतो. टाके निघाले की तो गावी जातो, कारण काम नसताना इथलं खोलीभाडं परवडत नाही. मग नुकसानभरपाईसाठी तपासणी करायची वेळ येते आणि मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून सुचवलं जातं, ‘यायची गरज नाही, डॉक्टर व्हिडिओवर बघतील.’ एकीकडे रात्रभराचा एसटीचा प्रवास आणि सोबत येणाऱ्याचीही बुडालेली मजुरी, दुसरीकडे घरबसल्या एक कॉल. मोह होणारच. तरी माझं मत ठाम आहे: उपचारापुरता व्हिडिओ चालवून घ्या, पण अपंगत्वाचे टक्के ठरणार असतील तर डॉक्टरसमोरच बसा. (ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, असेल तर दावा त्याच्या महामंडळाकडे जातो आणि टक्के मेडिकल बोर्ड ठरवतो. इथे ईएसआय नसलेल्यांबद्दल लिहितोय.)

टक्क्याची किंमत आधी समजून घ्या. कामगार 30 वर्षांचा आहे आणि पगार 15,000 रुपये आहे असं धरू. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाची भरपाई म्हणजे पगाराचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणांक. तिसाव्या वर्षासाठी तो 207.98 आहे. हिशेब होतो 18,71,820 रुपये. म्हणजे दर एका टक्क्यामागे साधारण 18,700 रुपये. डॉक्टरने वीसऐवजी दहा टक्के लिहिले, तर एक लाख 87 हजार गेले. बसभाडं वाचवून एवढी रक्कम पणाला लावू नये.

हे टक्के कमी कसे पडतात, ते हाताच्या तपासणीत दिसतं. कॅमेऱ्यासमोर कामगार मूठ वळवून दाखवतो आणि अहवालात लिहिलं जातं, ‘मूठ वळते.’ समोर बसलेला डॉक्टर आधी कामगाराला बोट वाकवायला सांगतो, मग स्वतः ते वाकवून बघतो. दोन्हींत फरक पडला तर दुखणं कंडरेचं (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं) की सांध्याचं, याचा अंदाज येतो. तो एकेका सांध्याला कोनमापक लावतो, डोळे मिटायला सांगून बोटाच्या टोकाला कापूस टेकवतो, पकड मोजायचं यंत्र दोन्ही हातांनी दाबायला लावून आकडे ताडून बघतो. वळलेल्या मुठीत स्क्रू ड्रायव्हर धरायची ताकद उरली आहे का, हे मोबाईलवर कळत नाही. खांदा, कंबर, गुडघा यांचंही तसंच. अशा दुखापतींचा आकडा कायद्यात छापलेला नाही, कमाईची क्षमता किती घटली ते डॉक्टरच ठरवतो. म्हणून त्याने हात लावून बघणं इथे सगळ्यात मोलाचं.

बोट तुटलं असेल तर आकडे ठरलेले आहेत: अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर 14, तिचं एकच पेर गेलं तर 9, हाड शाबूत राहून नुसता शेंडा गेला तर 5. कुठपर्यंत गेलं ते एक्स-रे सांगतो, त्यामुळे व्हिडिओने नुकसान कमी होतं. पण शेजारचं बोट आखडलं असेल तर ते इथेही सुटून जातं.

धुळीने फुप्फुसं गेली किंवा आवाजाने कान गेले असतील, तर स्पायरोमेट्री (श्वासाची मोजणी) आणि ऑडिओमेट्रीशिवाय (ऐकण्याची मोजणी) निदान नाही, म्हणजे केंद्रावर जाणं आलंच. उलट अपघातानंतर झोप उडाली आहे, मशीनजवळ गेलं की थरथर सुटते, अशा तक्रारींसाठी मानसोपचारतज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलणं उत्तम. जखमेची पुढची पाहणी, गोळ्या बदलणं, रिपोर्ट समजावून घेणं, यासाठीही प्रवासाचा त्रास नको.

आता कायद्याची बाजू. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालकाने मोफत तपासणी देऊ केली आणि कामगाराने ती नाकारली, तर त्याचा भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता थांबतो. ही मुदत संपण्याआधीच, तपासणी न होता तो आपणहून गावी निघून गेला, तरीही थांबतो. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यातली ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेतही आली आहे. म्हणून पहिली तपासणी होईपर्यंत कामाचं ठिकाण सोडू नका, आणि व्हिडिओला नुसतं ‘नाही’ म्हणू नका. ‘मी तपासणीला तयार आहे, ती प्रत्यक्ष घ्यावी’ असं लेखी द्या आणि पोच घ्या.

व्हिडिओ नाकारायला आधारही आहे. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रुग्णाने स्वतः कॉल केला तर संमती गृहीत धरतात, पण डॉक्टरच्या बाजूने सुरुवात झाली तर स्पष्ट संमती घेऊन नोंदवावी लागते. रुग्णाला सल्लामसलत मध्येच थांबवता येते. शिवाय ही तत्त्वं लिहिली आहेत उपचारासाठी, टक्के ठरवण्यासाठी नव्हे. उद्या भरपाईचा दावा ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर डॉक्टरची उलटतपासणी झाली आणि वकिलाने विचारलं, ‘तुम्ही यांचा हात हातात घेऊन पाहिला होता का?’, तर व्हिडिओवरचा दाखला लंगडा पडतो, मग तो कोणाच्याही बाजूचा असो.

प्रवास खरोखरच झेपत नसेल तर मधला मार्ग मागा. डॉक्टरला कामगार राहतो तिथे पाठवायची सोय भरपाई कायद्याखालच्या 1924 च्या नियमांतही होती. नाहीतर गावाजवळच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अस्थिरोगतज्ज्ञाने हात मोजावा आणि मालकाच्या डॉक्टरने त्याच वेळी व्हिडिओवर हजर राहावं. मला हा पर्याय सर्वांत न्याय्य वाटतो.

आणि व्हिडिओच घ्यावा लागला, तर डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर लिहून घ्या, दुखरा आणि चांगला असे दोन्ही हात शेजारी धरून दाखवा, काय जमत नाही ते कामाच्या भाषेत सांगा: नट फिरवता येत नाही, पंधरा किलोची पेटी उचलत नाही. जे तपासलं नाही ते ‘तपासलं नाही’ असंच अहवालात लिहायला सांगा, आणि अहवालाची प्रत मागून घ्या.