पहिली मैत्रीची लढत: पकड, हात, लाथा की सगळंच?

कराटेवाला आणि पैलवान, बॉक्सर आणि ज्युदोवाला असे मित्र चहाला एकत्र बसले की कधी ना कधी विषय निघतोच, "एकदा करून बघूया का?" हो म्हणायला वेळ लागत नाही. गाडी अडते ती नियमांपाशी. हात चालणार का, पाय धरायचा का, खाली पडल्यावर उठायचं की तिथेच चालू ठेवायचं? मी आधी कराटे केलं, मग ज्युदो, आणि आता ब्राझिलियन जिउ-जित्सू करतो, म्हणजे जमिनीवर पकडून समोरच्याला हार मानायला लावायची कला. दुसऱ्या कलांच्या मित्रांबरोबर वेगवेगळ्या नियमांनी लढून झालं आहे. ज्यांची पहिलीच वेळ आहे आणि काय ठरवावं कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. पहिली लढत पकडीची ठेवा, म्हणजे कुस्ती, ज्युदो, जिउ-जित्सू या अंगाची. ठोसे-लाथा नंतर. आणि दोघांपैकी ज्याला जास्त वर्षं झाली आहेत, त्याने समोरच्याच्या नियमांत उतरावं.

नियम कोण ठरवतं

टोकियोच्या बुदोकानमध्ये २६ जून १९७६ रोजी मुहम्मद अली आणि अंतोनियो इनोकी समोरासमोर आले. एक जगज्जेता बॉक्सर, दुसरा जपानचा व्यावसायिक कुस्तीगीर. नियमांवरून आधी भरपूर ओढाताण झाली. लढत सुरू झाली आणि इनोकीने पंधरा फेऱ्यांतला बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारण्यात घालवला. अलीला ठोसा मारायला समोर उभा माणूसच नव्हता. लढत बरोबरीत सुटली, अलीचे पाय सुजले, रक्ताच्या गुठळ्या झाल्या. एवढं होऊनही बॉक्सिंग भारी की कुस्ती, ते कुणालाच कळलं नाही.

तुमच्या चार मित्रांच्या लढतीतही हेच होणार. "फक्त हात" म्हटलं की बॉक्सर जिंकणार. "पाठ टेकली की संपलं" म्हटलं की पैलवान. "गळा आवळलेला चालेल" म्हटलं की जिउ-जित्सूवाला. म्हणून कोण जिंकलं यावर पैज लावू नका, आणि पहिल्याच वेळी मोबाइलवर शूटिंग तर अजिबात नको. कॅमेरा लागला की हात जड होतो, हे मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे.

पकड

हिचा सगळ्यात मोठा फायदा असा की जवळजवळ पूर्ण ताकदीने लढता येतं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाता येतं. समोरचा अडकला की टॅप करतो, म्हणजे थोपटून हार मानतो, तुम्ही सोडता, पुन्हा हात मिळवता. वीस मिनिटांत सहा-सात लढती होतात. ठोशांच्या लढतीत एवढ्या ताकदीने सहा वेळा भिडणं शक्यच नाही.

दुसरा फायदा म्हणजे फरक लगेच अंगाला कळतो. आमच्यात कोल्हापूरकडचा एक पैलवान येतो, माझ्यापेक्षा वयाने लहान, वजनाने दहा-बारा किलो जास्त. पहिल्यांदा धरलं तेव्हा त्याने नुसता मानेवर हात टाकला आणि माझी पाठ वाकली. ज्युदोत कॉलर आणि बाही धरायची सवय, इथे धरायला कापडच नाही, घामाने निसटणारं अंग. मी सरळ खाली बसलो, पाठीवर झालो आणि त्याच्या कमरेला पायांचा विळखा घातला. जिउ-जित्सूत याला गार्ड म्हणतात, तिथला निम्मा खेळ इथूनच चालतो. त्याने दोन्ही हात सोडले आणि उभा राहिला.

"दादा, पाठ टेकली की. झाली कुस्ती."

"तुझी झाली. आमची आता सुरू झाली."

तो क्षणभर बघत राहिला, मग हसून परत आत शिरला. थोड्या वेळाने उलटं झालं. मी त्याला फिरवायला लागलो तसा तो पोटावर पालथा झाला. कुस्तीत हे अगदी बरोबर आहे. खांदे जमिनीला लागत नाहीत तोवर माणूस चीत होत नाही, समोरच्याने काढावा घाम. लंडनमध्ये १९१० साली पोलंडच्या झ्बिस्कोने गामा पैलवानासमोर असंच मातीला धरून अडीच तासांहून जास्त वेळ काढला होता आणि कुस्ती बरोबरीत सुटली होती. पण जिउ-जित्सूत पालथं होणं म्हणजे समोरच्याला पाठ देणं. मी मागून पाय अडकवले आणि हनुवटीखालून हात सरकवला. तो माझं मनगट ओढत राहिला, पण टॅप करेना. तालमीत टॅप नावाचा प्रकारच नाही, त्याला तो माहीत असायचं कारण नव्हतं. त्याच्या घशातून घरघर ऐकू आली आणि मी एकदम सोडलं. गळा नीट बसला तर दहा सेकंदांच्या आसपास माणूस बेशुद्ध होतो. तो बरा होता, पाणी प्यायला, पण माझे हात बराच वेळ थरथरत होते. चूक माझी होती. त्याला टॅप करायला आधी मीच शिकवायला हवं होतं.

तेव्हापासून पैलवानाबरोबर धरायचं असलं की आधी दोघं समोरासमोर बसतो आणि तीन-तीन वेळा टॅप करून दाखवतो: हाताने समोरच्याच्या अंगावर, हात अडकले असतील तर पायाने जमिनीवर, तेही नाही तर तोंडाने "सोड". १९५१ साली रिओत जपानी ज्युदोवाला मासाहिको किमुरा याने ब्राझीलच्या जिउ-जित्सूवाल्या एलिओ ग्रेसीचा हात पिळला तेव्हा ग्रेसीने हार मानली नाही. हाड मोडलं, मग त्याच्या कोपऱ्यातून हार मानल्याचा टॉवेल आत आला. तो डाव आज जगभर किमुराच्या नावाने ओळखला जातो. मैत्रीच्या लढतीत तेवढं ताणायचं काही कारण नाही.

त्याच दिवशी पैलवानानेही मला माझी जागा दाखवली. उभ्याने लढताना तो एकदम खाली शिरायचा आणि पट काढायचा, म्हणजे पाय धरून पाडायचा. पाच वेळा शिरला, पाचही वेळा मी खाली. कारण साधं आहे. स्पर्धेच्या ज्युदोत पाय धरण्यावर २०१० मध्ये बंधनं आली आणि २०१३ मध्ये पूर्ण बंदी, त्यामुळे त्यानंतर शिकलेल्या ज्युदोवाल्याचे हात पाय वाचवायला खाली जातच नाहीत. हे मी कुठेतरी वाचलं असतं तर "हो हो" म्हणून सोडून दिलं असतं. पाच वेळा आदळल्यावर ते डोक्यात बसलं.

तोटेही आहेत. गुडघा, मान आणि बोटं इथे धोक्यात असतात. टाच पिळण्याचे डाव पूर्ण बंद ठेवा, कारण दुखायच्या आधीच गुडघ्याचा लिगामेंट जातो. उडी मारून दोन्ही पायांची कात्री घालून पाडायचा ज्युदोचा डावही बंद. १९८० मध्ये त्याच डावात जपानचा नामवंत ज्युदोवाला यासुहिरो यामाशिता याचा पाय मोडला होता, आणि समोर कुणी नवशिका नव्हता. वर उचलून आपटणं बंद. वजनात पंधरा किलोंच्या वर फरक असेल तर गुडघ्यांवर बसून सुरुवात करा. आणि अंगावर गजकर्ण असेल तर त्या आठवड्यात लढू नका. पैलवान हे जाणतात, बाकीचे लाजून लपवतात.

फक्त हात

समजायला सोपी म्हणून बरेच जण हीच निवडतात. ग्लोव्हज् घातले की सुरक्षित, असं वाटतं. मला हीच पहिल्या वेळेसाठी सगळ्यात धोक्याची वाटते.

पकडीत ताकद वाढली तर कळतं आणि थांबवता येतं. ठोशांत ती न कळत वाढते. तुमचा एक जरा जोरात लागतो, त्याचा त्याहून जरा जोरात येतो, आणि तिसऱ्या मिनिटाला दोघंही मनात म्हणत असतात की सुरुवात त्याने केली. एका जिममध्ये मी असाच एका मित्राबरोबर "हलकं हलकं" म्हणून उतरलो. मध्ये थांबवणारं कुणी नव्हतं. कानशिलावर एक हुक, म्हणजे बाजूने येणारा ठोसा, बसला, मी पडलो नाही, उलट पुढची फेरी लढलो. त्यानंतर दोन दिवस डोकं दुखत होतं आणि उजेड सहन होत नव्हता. शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला मार लागला नाही, असं नसतं. डोकं गरगरलं, मळमळलं की त्या दिवशीची लढत तिथेच संपली पाहिजे आणि डॉक्टरांना दाखवलं पाहिजे.

हेडगार्डचाही फार भरवसा धरू नका. कातडी फाटण्यापासून तो वाचवतो, पण डोक्याला बसणारा हिसका थांबवत नाही. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय हौशी बॉक्सिंगमधून तो २०१३ मध्ये काढला गेला आणि रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष त्याच्याशिवायच लढले.

तरी हातांनीच करायचं असेल तर सोळा औंसाचे ग्लोव्हज्, माउथगार्ड, आणि पहिल्या तीन फेऱ्या फक्त अंगावर, डोक्यावर नाही. एवढ्यानेही कराटेवाल्याला बॉक्सरचं जवळून फिरणं आणि बरगडीखालचा डावा हात कळतो. पैलवानाने इथे घाई करू नये. त्याची उभं राहायची पद्धतच डोकं पुढे काढून असते, आणि पुढे आलेलं डोकं बॉक्सरला आयतंच सापडतं.

हात आणि लाथा

कराटे, तायक्वांदो, मुए थाई, किकबॉक्सिंग अशा मंडळींमध्ये ही लढत जमते, कारण दोघांनाही अंतराचा अंदाज असतो. पण कलेकलेत खाचखळगे आहेत. क्योकुशिन या कराटेच्या प्रकारात स्पर्धेत हाताने चेहऱ्यावर मारत नाहीत, त्यामुळे ते लोक छातीला छाती भिडवून उभे राहतात. तायक्वांदोवाल्याला मांडीवरच्या लाथेची सवय नसते. मुए थाईत कोपर चालतं. १९६४ मध्ये तीन क्योकुशिनवाले बँकॉकच्या लुम्पिनी स्टेडियमवर थाई लढवय्यांविरुद्ध उतरले. दोन जिंकले, केन्जी कुरोसाकी हरले. हरलेल्या कुरोसाकींनी पुढे टोकियोत मेजिरो जिम काढलं आणि तिथून ती पद्धत हॉलंडपर्यंत पोचली. माझ्यासाठी त्या तिघांतला सगळ्यात मोठा माणूस तोच.

शिनगार्ड (नडगीवरचं संरक्षण) दोघांनी घालायचे, एकानेच नाही. गुडघ्याच्या सांध्यावर सरळ लाथ बंद, कोपर बंद. डोक्यावरची लाथ फक्त टेकवायची, आणि ज्याला टेकवून थांबवता येत नाही त्याने ती मारायचीच नाही.

सगळंच

कोलोराडोतल्या डेन्व्हरमध्ये १२ नोव्हेंबर १९९३ रोजी पहिली यूएफसी झाली, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लोकांची जवळजवळ सगळं चालणारी स्पर्धा. तिथे आर्ट जिमरसन हा बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला. जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीने त्याला खाली पाडलं, वर बसला, आणि जिमरसनने टॅप केलं. उभ्याने काय करायचं ते त्याला उत्तम येत होतं, खाली पडल्यावर काय करायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. एका कलेतला माणूस सगळं उघडं असलेल्या लढतीत असाच अडकतो, आणि त्यातून फार काही शिकतही नाही.

म्हणून दोघांनीही किमान सहा महिने दुसऱ्या अंगाचा सराव केला नसेल तर हे टाळा. केला असेल तर लहान ग्लोव्हज्, उभ्याने हलके हात, खाली गेल्यावर ठोसे पूर्ण बंद, आणि शिट्टी घेऊन उभा असलेला तिसरा माणूस. तो नसेल तर लढत पुढच्या रविवारी.

मग तुम्ही काय निवडावं

कराटे किंवा बॉक्सिंगवाले असाल आणि समोर पैलवान किंवा ज्युदोवाला असेल, तर निःशंक पकड. तुम्हाला ते परकं आहे, म्हणूनच तिथे सगळ्यात जास्त शिकाल, आणि इजाही कमी. फक्त गीवर (ज्युदोचा जाड अंगरखा) की गीशिवाय, ते आधी विचारा. गी घातली की पैलवान गोंधळतो, काढली की ज्युदोवाला.

पैलवान असाल आणि समोर मारणारा असेल, तर आधी एक दिवस तुमच्या खेळात त्याला घ्या, दुसऱ्या दिवशी त्याच्या खेळात फक्त अंगावरच्या ठोशांनी उतरा. दोघंही मारणारे असाल तर हात-लाथांची हलकी लढत ठीक. दोघंही पकडीवाले असाल तर एवढा विचार करण्याची गरजच नाही, उद्या सकाळी भेटा.

जागेचं म्हणाल तर मॅट बरा. तालमीत करायचं असेल तर आधी वस्तादांना विचारा. हळद, ताक, तेल घालून राखलेली ती माती आहे, चपला बाहेर काढून, वाकून हात लावून हौद्यात उतरतात. तिथे ठोसे-लाथा कुठलाच वस्ताद चालवून घेणार नाही, आणि तो आग्रह धरूही नये. आमचे वस्ताद एवढंच म्हणाले, "पकड करा, पण आधी नखं काढून या." पैलवानाने तिथेच खिशातून नेलकटर काढून माझ्यापुढे धरला.