ओरॅकलमधून पोस्टग्रेसवर आल्यानंतर: दशांश संख्यांचा काही महिन्यांचा अनुभव

ओरॅकल या डेटाबेसमधला डेटा पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हलवल्यावर, काही महिने तो रोजच्या कामात वापरून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. आकडा तोच राहतो, त्याचं दिसणं बदलतं, आणि बहुतेक तक्रारी तिथूनच येतात.

ओरॅकल दशांशातली शेवटची शून्यं साठवतच नाही. १०.५० भरलं तरी बाहेर १०.५ येतं, आणि अर्धा नुसता .५ असा दिसतो. पोस्टग्रेसमध्ये कॉलम न्यूमेरिक(१२,२), म्हणजे एकूण १२ अंक आणि त्यातले २ दशांशाचे, असेल तर १०.५० आणि ०.५० मिळतात. बेरीज, तुलना सगळं बरोबर येतं. पण ओळीचा मजकूर करून चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढला की जुन्या-नव्या टेबलांचा मेळ बसत नाही. म्हणून पडताळणीत पोस्टग्रेसच्या बाजूला आधी ट्रिम_स्केल हे शेवटची शून्यं काढणारं फंक्शन लावा (आवृत्ती १३ पासून आहे) आणि ओरॅकलच्या बाजूला बिंदूआधी शून्य जोडा. उणे आकडे विसरू नका, तिथे -.५ असतं.

खरा धोका रूपांतराच्या सेटिंगमध्ये आहे. ओरा-टू-पीजी हे स्थलांतराचं साधन मूळ सेटिंगवर चालवलं तर दशांश असलेले नंबर कॉलम रिअल किंवा डबल प्रिसिजन या अंदाजे किंमत ठेवणाऱ्या प्रकारांचे होतात. पैशांसाठी हे अजिबात चालणार नाही: डबल प्रिसिजनमध्ये ०.१ + ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४. म्हणून या साधनाचं पीजी_न्यूमेरिक_टाइप हे सेटिंग ० करा. अंकसंख्या न देता नुसता नंबर लिहिलेला कॉलम बिगइंट (पूर्णांक) होतो, त्यासाठी डिफॉल्ट_न्यूमेरिक या सेटिंगमध्ये न्यूमेरिक द्या. बिगइंटची चूक कॉपी कमांडने डेटा भरताना लगेच एरर देते. डबल प्रिसिजन मात्र गप्प राहतं, म्हणून तेच जास्त घातक.

आकड्याचा मजकूर करणारं टू_चार फंक्शन दोन्हीकडे आहे, तरी क्वेरी जशाच्या तशा चालत नाहीत. फक्त आकडा देऊन फॉरमॅट न देण्याची ओरॅकलमधली सोय पोस्टग्रेसमध्ये नाही. 'एफएम९९९.९९' ने १० चं '१०.' होतं, शेवटी लोंबता बिंदू, म्हणून 'एफएम९९९९९९९९९०.००' वापरा. फॉरमॅटमधले नऊ (अंकांच्या जागा) कमी पडले तर आकड्याऐवजी #### येतं. एफएम गाळलं तर आकड्याआधी मोकळी जागा राहते आणि मजकुराची तुलना फसते.

भागाकारही तपासा. कॉलम इंटिजर झाले असतील तर ५/२ चं उत्तर २ येतं, ओरॅकलमध्ये २.५ यायचं. एका बाजूला न्यूमेरिक कास्ट (प्रकार बदलून घेणं) पुरतो. दोन स्थळांपर्यंतचा राउंडही डबल प्रिसिजनवर चालत नाही, तिथेही तोच कास्ट लागतो.

दुसऱ्या प्रणालीला जाणाऱ्या फाइलसाठी टू_चारच्या फॉरमॅटमध्ये 'डी' (दशांशचिन्हाची खूण) ऐवजी थेट बिंदू लिहा. 'डी' सर्व्हरच्या एलसी_न्यूमेरिक या सेटिंगप्रमाणे बदलतो, आणि स्वल्पविरामाला दशांशचिन्ह मानणाऱ्या लोकेलवर (भाषा-देशाच्या सेटिंगवर) सीएसव्हीचे कॉलम सरकतात.