चाळीस मीटरचा फिल्टर: एअर-कोर कॉइल की टोरॉइड?

चाळीस मीटर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या हॅम रेडिओ बँडवरच्या पाच वॉटच्या घरगुती ट्रान्समीटरला लो-पास फिल्टर लागणारच: मूळ सिग्नल जाऊ देणारा आणि त्याच्या पटीतले नको असलेले सिग्नल, म्हणजे हार्मोनिक, अडवणारा. प्रश्न असतो तो त्यातल्या दोन कॉइल कशा गुंडाळायच्या याचा: आत गाभा न ठेवता (एअर-कोर) की चुंबकीय गाभ्याच्या रिंगवर (टोरॉइड). मी दोन्ही करून पाहिल्या आहेत.

एअर-कोरचा मोह आमच्या खानदेशात जरा जास्तच. रावेर-यावलकडे केळीच्या बागा, म्हणून पाण्याच्या मोटारी, म्हणून रिवाइंडिंगवाले. दोन हात तांब्याची तार ओळखीवर सहज मिळते. १२ मिमीच्या ड्रिल बिटवर १ मिमी तारेचे अकरा वेढे चिकटून घातले की १.२ मायक्रोहेन्रीच्या (हे कॉइलच्या इंडक्टन्सचं, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या तिच्या विरोधाचं माप) आसपास पोचता. जास्त भरलं तर नखाने वेढे फाकवायचे. टोरॉइडची रिंग मला जळगावात मिळाली नाही, बाहेरून मागवावी लागली.

तरी मन उडालं ते झाकणामुळे. उघड्या बोर्डावर नॅनोव्हीएनएची (कोणत्या फ्रीक्वेन्सीला फिल्टर किती जाऊ देतो ते दाखवणाऱ्या छोट्या मापकाची) रेघ झकास: सात मेगाहर्ट्झपर्यंत सपाट, चौदाकडे जाताना घसरलेली. पत्र्याच्या डबीचं झाकण लावलं की तीच रेघ उजवीकडे सरकते, कारण जवळच्या पत्र्यात प्रवाह फिरू लागतात आणि इंडक्टन्स उतरतो. वेढे दाबून भरपाई करायची तर झाकण उघडा. उघडलं की माप पुन्हा खोटं! शिवाय कॉइल शेजारी-शेजारी असतील तर एकीतलं दुसरीत शिरतं, आणि जो हार्मोनिक अडवायचा तोच आडवाटेने निसटतो. काटकोनात बसवून, डबी ऐसपैस घेऊन हे बरंच आवरतं, मान्य. पण मग सेटपेक्षा फिल्टरच मोठा.

टी५०-२ या लाल रिंगवर १५ वेढ्यांत साधारण १.१ मायक्रोहेन्री मिळतात (तार भोकातून जितक्यांदा गेली तितके वेढे). चुंबकीय क्षेत्र बहुतेक रिंगमध्येच राहतं, त्यामुळे निदान माझ्या डबीत तरी झाकण लावून-काढून रेघ हलली नाही. रंगावर मात्र विसंबू नका. लाल रंग कशालाही देता येतो, गुंडाळून मोजा.

मे महिन्यातल्या भुसावळच्या उन्हाची काळजी असेल तर रिंगपेक्षा कपॅसिटरकडे बघा. एनपीओच (तापमानाने मूल्य जवळपास न बदलणारे) घ्या: दोन्ही टोकांना ४७० पिकोफॅरड, मधे तेच दोन समांतर.

शंभर वॉटचा बेत असेल तर एअर-कोरचा विचार जरूर करा. गाभाच नाही, तर तो सॅच्युरेट होण्याचा, म्हणजे चुंबकत्वाने भरून जाण्याचा प्रश्नही नाही. पाच-दहा वॉटला, सेट डबीत बंद करून शेतावर न्यायचा असेल, तर मी रिंगच मागवीन. कुरिअर येईपर्यंत कपॅसिटर मोजून, सारखे सारखे निवडून ठेवता येतात.